गिऱ्हाईक उंबऱ्यावरून परत का फिरते?

सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. असा माल बचत गट आता ऑनलाइन दुकानात मांडतात, ही स्वागतार्ह बाब आहे. पण १०० जण दुकान पाहतात आणि दोघेच पैसे भरतात, तेव्हा जाहिरातीवर आणखी खर्च म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आधी भोक शोधा.

बाजारात गिऱ्हाईक हळद हाती घेते, वास बघते. मोबाईलवर ते जमत नाही. म्हणून उजेडात काढलेला स्वच्छ फोटो हवा. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता दाखवणे तर १ जानेवारी २०१८ पासून कायद्यानेच सक्तीचे आहे. टपालखर्च शेवटी सांगाल तर ठरलेला सौदा मोडेल. तो दराशेजारीच लिहा. पाव किलोला हा खर्च जड जातो, तेव्हा हळद-गूळ एकत्र द्या.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही केवळ प्रशिक्षणाचे आकडे वर पाठवून थांबू नये. किती आले, किती जणांनी घेतले, हे गटाच्या वहीत दरमहा उतरवून घ्यावे. माल पडून राहिला म्हणून बँकेचा हप्ता काही थांबत नाही!