ॲप कोणतंही घ्या, पण ‘झालं’ म्हणजे काय ते आधी ठरवा



टीमचं काम लावायला ट्रेलो घेऊ की आसना, हा प्रश्न मला फार विचारला जातो. माझं मत सांगतो. तुमच्याकडे चार-सहा माणसं असतील तर ॲप निवडण्यात महिना घालवू नका. आधी सगळ्यांचे नियम एक करा.

आमचंच कुरुंद्यातलं दुकान धरा. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. डिझाइनवाला वेगळा, छपाईवाला वेगळा, काउंटर वेगळं. डिझाइनवाला ‘झालं’ म्हणतो तेव्हा फाइल तयार असते. छपाईवाल्याचं ‘झालं’ म्हणजे कागद मशीनमधून बाहेर आला. काउंटरचं ‘झालं’ म्हणजे गिऱ्हाईक माल घेऊन गेलं आणि बाकीही जमा झाली. तिघंही खरंच बोलतात! पण नवरीच्या वडिलांना फोनवर ‘झालं, या’ सांगितलं आणि पत्रिका अजून कापायच्याच असल्या, तर त्यांची वसमतहून मारलेली चक्कर वाया. लग्नाची तारीख काही तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणून आमच्या शीटमध्ये ‘झालं’ हा शब्दच नाही. चारच टप्पे आहेत: नोंद, प्रूफ पास, छापून तयार, दिलं.

मुंबईचे डबेवाले आठवा. सिक्स सिग्माच्या गोष्टी सगळेच ट्रेनर सांगतात, त्या बाजूला ठेवा. 1890 पासून चालत आलेलं हे काम कोरोनाआधी सुमारे 5000 माणसं करत होती, रोज 2 लाखांच्या आसपास डबे. त्यांच्या टोळ्या आपापला कारभार स्वतः बघतात. गिऱ्हाईक कसं सांभाळायचं, कोणी सुट्टी घ्यायची, हे टोळीतच ठरतं. पण डब्यावरची खूण मात्र सगळ्यांची एकाच पद्धतीची. मधला मोठा आकडा म्हणजे कोणत्या स्टेशनला उतरवायचा. बाकी खुणांवरून इमारत आणि मजला कळतो. एका टोळीने ‘आमचा आकडा आम्ही कोपऱ्यात लिहितो’ म्हटलं, तर दादरच्या फलाटावर काय होईल विचार करा.

मला यातून घ्यावंसं वाटतं ते एवढंच: जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तिथेच नियम कडक पाहिजे. डिझाइनवाल्याने सकाळी कोणतं काम आधी घ्यावं, यात मी तोंड घालत नाही. काही मालक सतरा रकाने करतात, मग पोरं काहीतरी भरून मोकळी होतात.

आता नियम पाळून कसा घ्यायचा? गुगल शीट फुकट आहे. ‘डेटा’ मेनूत ‘डेटा व्हॅलिडेशन’ मध्ये जाऊन टप्प्याच्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा आणि ‘रिजेक्ट द इनपुट’ निवडा. कोणी ‘ऑलमोस्ट डन’ टाइप केलं तर शीट घेतच नाही. वरची शीर्षकं ‘प्रोटेक्ट’ करून ठेवा. पण एक लक्षात घ्या, रिकामा सोडलेला चौकोन हे व्हॅलिडेशन अडवत नाही. त्यासाठी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने रिकामी तारीख लाल करा. आणि लाल ओळीचं काम छपाईवाल्याने हातात घ्यायचं नाही, एवढा अधिकार त्याला द्या. जिरासारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अमुक माहिती भरल्याशिवाय काम पुढे सरकू न देण्याची सोय असते. इथे तेच काम माणूस करतो.

खरी परीक्षा मालकाची. ‘अरे, पाहुण्याचं काम आहे, शीट राहू दे, आधी हे छाप’ असं तुम्ही एकदा म्हणालात की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाचा एक पाहुणा निघतो. माझ्याही पाहुण्यांची नोंद काउंटरवरच होते. काही जण रुसतात, चहा पाजला की बसतात पाच मिनिटं. डबेवालेही डबा वेळेवर तयार न ठेवणाऱ्याला वारंवार सांभाळत बसत नाहीत, शेवटी ते गिऱ्हाईकच सोडतात.

तुमच्या दुकानात काम कोणाकडून कोणाकडे जातं आणि तिथे कोणता शब्द वापरता, ते लिहून पाठवा. त्यातलंच एक दुकान घेऊन पुढच्या व्हिडिओत शीट बनवून दाखवतो.