तुमचं मत आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचं आहे!

वर्षातून एकदा हापिसात एक मेल येते. विषय साधारण असा : "तुमचा आवाज, आमची ताकद". खाली एक लिंक आणि ठळक अक्षरात आश्वासन, की हा सर्व्हे पूर्णपणे अनामिक आहे. चार दिवसांनी दुसरी मेल येते : "आपण अद्याप सर्व्हे भरलेला नाही, कृपया आज भरावा." आता मला सांगा, अनामिक आहे तर मी भरलेला नाही हे तुम्हाला कसं कळलं? :)

(हो हो, माहितीय. कुणी भरलं हे एका टेबलात आणि काय भरलं हे दुसऱ्या टेबलात ठेवता येतं. पण ती दोन टेबलं जोडायला किती वेळ लागतो हे निदान आपल्याला तरी कुणी शिकवू नये. आपण दिवसभर दुसरं करतो काय?)

बरं, टेबलं जोडायचीही गरज नसते. सर्व्हेच्या पहिल्याच पानावर ग्रेड, लोकेशन, लिंग, कंपनीत किती वर्षं झाली आणि कुठलं युनिट, एवढं विचारतात. लटान्या स्वीनी नावाच्या संशोधक बाईंनी २००० साली दाखवून दिलं होतं की नुसता पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. ती अख्ख्या देशाची गोष्ट. आमच्या टीममध्ये अकरा माणसं, त्यात बायका दोन, त्यातली एक सीप्झला बसते आणि तिला सहा वर्षं झालीत. तिने "माझ्या मॅनेजरला माझ्या वेळेची किंमत आहे" यासमोर "अजिबात सहमत नाही" वर टिचकी मारली तर ते मत कुणाचं, हे काढायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ती सगळीकडे "सहमत" टिचकवून मोकळी होते. मग निकाल येतो : ८० टक्के कर्मचारी समाधानी. टाळ्या, केक.

माझं म्हणणं असं की हे सर्व्हे मत विचारायला काढलेलेच नसतात. कुकरला शिट्टी असते ना, तसं हे. वाफ थोडी जाते आणि झाकण जागेवर राहतं.

आता कोणी म्हणेल, सगळ्यात खोट काढायची सवयच आहे याला. ठीक. मग गेल्या काही वर्षांत कर्मचाऱ्याचं मत खरोखर वरपर्यंत पोचलं अशी उदाहरणं बघू, आणि ती कुठल्या रस्त्याने पोचली तेही बघू.

जुलै २०१७. टेक महिंद्रा, मुख्यालय पुणे. एचआरमधल्या एका बाईंचा एका कर्मचाऱ्याला फोन, तो त्याने रेकॉर्ड केलेला. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, नाहीतर आम्हीच काढू, हे खर्च कमी करण्यासाठी चाललंय, असा एकूण सूर. तो बिचारा विनवतोय, मला थोडा वेळ द्या, कुणाशी तरी बोलू द्या. क्लिप देशभर फिरली आणि सीपी गुरनानींपासून खुद्द आनंद महिंद्रांपर्यंत सगळ्यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. भला माणूस वगैरे म्हणून आपण सगळे भारावलो. पण माफी कशाबद्दल होती ते नीट वाचा. बोलणं ज्या पद्धतीने झालं त्याबद्दल. माणसाला एका रात्रीत "स्वेच्छेने" राजीनामा द्यायला लावायची पद्धत त्या फोनवर जन्माला आली नव्हती, आणि त्या फोनबरोबर गेलीही नाही. शिव्या खाल्ल्या त्या एचआरच्या बाईंनी. त्याही नोकरच. वरून आलेली यादी वाचून दाखवत होत्या.

सप्टेंबर २०२४, परत पुणे. ईवायच्या ऑफिसात लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची मुलगी जुलैत गेली, आणि कामाच्या ओझ्याने ती खचली असं तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या अध्यक्षांना लिहिलं. (ईवाय आयटी कंपनी नाही हे मान्य, पण रात्री अकराचे कॉल आणि "उद्या सकाळी लागेल" हे सगळं आपल्याच घरातलं.) अंत्यविधीला ऑफिसातून कुणी आलं नाही, असंही पत्रात होतं. ते पत्र बाहेर आलं तेव्हा कुठे कामगार खात्याचे लोक त्या ऑफिसात पाहणीला गेले. आणि काय निघालं? दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या ऑफिसची नोंदणीच नव्हती! कोपऱ्यावरचा वाणी हे लायसन भिंतीवर फ्रेम करून लावतो.

तिसरं उदाहरण तर शेजारचंच. आमच्या जोगेश्वरीहून लिंक रोडने पवईकडे निघालात की ज्यांचा कॅम्पस लागतो ते एल अँड टी. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या अध्यक्षांचा, एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा, अंतर्गत बैठकीतला व्हिडिओ बाहेर आला. शनिवारी कामावर का बोलावता, एवढाच प्रश्न होता. उत्तर मिळालं की रविवारीही बोलावता येत नाही याचंच मला वाईट वाटतं, आठवड्याला ९० तास काम करा, घरी बसून बायकोकडे किती वेळ टक लावून बघणार. नंतर कंपनीचा खुलासा आला, राष्ट्रउभारणी, असामान्य प्रयत्न वगैरे. साहेबांचा २०२३-२४ चा मोबदला ५१ कोटींच्या घरात होता, म्हणजे कंपनीतल्या मधल्या पगाराच्या पाचशेहून जास्त पट. त्या पगारात मीसुद्धा रविवारचा विचार करीन. :)

पण मला त्या ९० तासांपेक्षा तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. साधा, सभ्य, रजेबद्दलचा प्रश्न. ज्या कंपनीत लोकांच्या मताला किंमत आहे तिथे अशा प्रश्नावर अध्यक्ष विनोद करत नाहीत. "बघतो" म्हणतात, नाहीतर "नाही जमणार, कारण असं असं" म्हणतात.

तर एक चोरून केलेलं रेकॉर्डिंग, एका आईचं पत्र आणि एक फुटलेला व्हिडिओ. यातलं एकही "तुमचा आवाज, आमची ताकद" मधून गेलेलं नाही. नेतृत्वाला कर्मचाऱ्याचं मत ऐकू आलं ते बाहेरच्या जगाने ऐकल्यावर, आणि त्यातही शेअरचा भाव जिथे ऐकू येतो त्याच कानाने.

आणि लोक मूर्ख नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या येस मॅडम या कंपनीची एक मेल व्हायरल झाली. कामाच्या ताणाबद्दल सर्व्हे घेतला आणि ज्यांनी "ताण आहे" असं लिहिलं त्यांना काढून टाकलं, असा मजकूर. चार शिव्या पडल्यावर कंपनी म्हणाली, कुणालाही काढलेलं नाही, ताणाकडे लक्ष वेधायला केलेली ती मोहीम होती. जाहिरातीची ही तऱ्हा किळसवाणी आहे, पण ते सोडा. देशातल्या तमाम नोकरदारांनी ती मेल वाचली आणि एकालाही वाटलं नाही की "छे, असं कसं होईल?". सर्व्हेवर आपला किती विश्वास आहे याचा याहून चांगला सर्व्हे झालेला नाही.

माझ्या एका जुन्या कंपनीत (नाव कशाला) मॅनेजरच्या व्हेरिएबलचा एक हिस्सा टीमच्या सर्व्हेच्या गुणांवर होता. कल्पना छान वाटते ना? प्रत्यक्षात सर्व्हेच्या आठवड्यात साहेब प्रत्येकाच्या खुर्चीशी येऊन खांद्यावर हात ठेवायचे. "भर रे बाबा. आणि जरा चांगलं भर, आपल्याच टीमचं नाव आहे." त्याच आठवड्यात समोसे यायचे. आमचं मत दहा रुपयाच्या समोशाला गेलं याचं दुःख नाही, पण चटणी तरी द्यायची.

मग खरं मत आपण द्यायचो कसं? पेपर टाकून. हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये म्हणून ठेवलंय की संस्थेवर नाराज माणसाकडे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा बोलणं. आपल्या धंद्याने पंचवीस वर्षं फक्त पहिली वापरली. २०२२ च्या मध्याला इन्फोसिसमधून वर्षाला २८.४ टक्के लोक सोडून जात होते, त्या सप्टेंबरच्या तिमाहीत टीसीएसमध्ये तो आकडा २१.५ होता. त्या दिवसांत साहेब लोक किती गोड बोलत होते आठवा. मॅनेजर स्वतःहून विचारायचे, काही प्रॉब्लेम नाही ना, घरून करतोस का. तेव्हा नेतृत्वाची संस्कृती सुधारली नव्हती, बाजार तेजीत होता. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम आणला की वर्षात २२५ दिवस बिलिंग हवंच, ३५ पेक्षा जास्त दिवस बेंचवर नको, आणि जुलैत सुमारे १२ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, त्यातले बरेचसे मधल्या आणि वरच्या फळीतले. आता जाऊन बघा कुठे जाता ते. पहिली वाट अरुंद झाली की राहते दुसरी, बोलायची. आणि ती आपण कधी शिकलोच नाही.

शिकलो नाही याला कारण आहे. मजासवाडीत काय, गोरेगावात काय, आमच्या आधीच्या पिढीत कारखान्यात जाणारे काका-मामा पुष्कळ. गेट मीटिंग, मागणीपत्र, स्लोडाऊन हे शब्द जेवताना कानावर पडायचे. मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, सुमारे अडीच लाख कामगार, आणि पुढचं सगळं. त्यातून मुंबईच्या मध्यमवर्गाने धडा घेतला की युनियन म्हणजे वाटोळं, पोरा तू इंजिनिअर हो. झालो. गळ्यात पट्टा घातला आणि "आम्ही कामगार थोडेच आहोत, आम्ही प्रोफेशनल" म्हणू लागलो. पुण्यात नाइट्ससारखी आयटीवाल्यांची संघटना आहे, कामगार खात्याकडे तक्रारी करते, तर तिची बातमी आपण फॉरवर्ड करतो आणि सभासद व्हायची गोष्ट निघाली की म्हणतो, नको रे बाबा, बॅकग्राउंड चेकमध्ये आलं तर?

त्या गेट मीटिंगमध्ये सगळं सोनं होतं असं नाही. दादागिरी होती, राजकारण होतं. पण तिथे कुणाला अनामिक राहावं लागत नव्हतं. तीनशे माणसं एकच गोष्ट एकाच वेळी म्हणतात तेव्हा नाव लपवायची गरज पडत नाही. आपल्याला एकेकट्याने बोलायचं असतं, म्हणून आपल्याला ती "अनामिक" पाटी लागते, आणि एचआरला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

याउलट करता येतं का? येतं. एचसीएलमध्ये विनीत नायर २००५ पासून प्रमुख होते. (टेक महिंद्राचे विनीत नय्यर वेगळे.) त्यांनी कर्मचाऱ्यांनी साहेबांना दिलेले गुण इंट्रानेटवर सगळ्यांना बघायला ठेवले, आणि सुरुवात स्वतःपासून केली. २०१० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. एचसीएल काही वैकुंठ झालं नाही, तिथल्या मित्रांकडून जे ऐकायचं ते ऐकलंय. पण त्या रचनेत उघडा पडतो तो साहेब. आपल्या सर्व्हेत मत देणारा उघडा पडतो आणि साहेबाचे गुण मात्र गोपनीय!

तर आमच्या हापिसातली यंदाची लिंक आलेली आहे. मी भरलेली नाही. त्याऐवजी युनिट हेडना एक मेल लिहून ठेवलीय, जेमतेम सात ओळींची : गेल्या तीन वर्षांचे निकाल टीमनिहाय आणि मॅनेजरनिहाय सगळ्यांना दाखवा, पहिल्या पानावरचे ग्रेड-लिंग-वर्षं हे प्रश्न काढा, आणि टाऊन हॉलमध्ये आधी निवडलेले प्रश्न घेणं बंद करा. खाली नावं. अकरापैकी पाच झालीत, सीप्झवालीचं पाचवं. दोघं म्हणाले अप्रेझल होऊ दे मग बघू, एकाने वाचून नुसताच अंगठा पाठवलाय, त्याचा अर्थ उद्या फोन करून विचारतो. मेल सोमवारी सकाळी जाईल.