चार नावांचे पान

माझी भाची उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. तिला वर्गात एक काम मिळाले होते. मासिकातली समोरासमोरची दोन पाने मांडायची. छायाचित्र नाही, चित्र नाही, फक्त अक्षरे. पण पान पाहताच मजकुराचा भाव मनात उतरला पाहिजे. "मजकूर कुठला घेतलास?" मी विचारले. "तुमचाच की मामा. सोलापूरच्या मार्शल लॉवरचा." लेखक एवढ्यानेही खूश होतो. मी चष्मा पुसून बसलो.

"कसं दिसालंय, खरं सांगा," ती म्हणाली. पान काळेकुट्ट होते. 'मार्शल लॉ' ही अक्षरे तडे गेलेली, त्यांतून लाल थेंब गळत होते. मजकूर काळ्यावर पांढरा, तोही तिरका. आणि ज्या चौघांसाठी तो लेख लिहिला, त्यांची नावे डाव्या पानाच्या तळाशी दाटीत सापडली. 'कुर्बान' या ओळीत आणि 'हुसेन' पुढच्या ओळीत.

मी विचारले, "यातले कुठले वाक्य तुला सगळ्यात महत्त्वाचे वाटले?" ती जरा घुटमळली. "अजून वाचलं नाही मामा. आधी लेआऊट करून घेतला."

मला राग आला नाही, कारण हा दोष एकट्या तिचा नाही. आज मजकूर पानावर ओतता येतो, त्यासाठी तो वाचावा लागत नाही. पूर्वी तसे नव्हते. आमच्या शाळेचे वार्षिक अंक खिळ्यांवर छापले जात, आणि मुद्रिते आणण्याचे काम माझ्याकडे असे. छापखान्यातले कंपोझिटर काका एका हातात स्टिक धरून दुसऱ्या हाताने न पाहता खिळे उचलत आणि उलट्या ओळी सुलट्यासारख्या वाचत. मराठीसाठी शेकडो खिळे लागत. मधे अक्षर, वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, अशा तीन मजल्यांवर एकेक ओळ उभी राही. प्रत्येक अक्षर बोटांखालून जात असल्यामुळे आमच्या निबंधांतल्या चुका मास्तरांच्या आधी त्यांना कळत.

हे तीन मजले भाचीला दाखवावे लागले. तिने ओळींतले अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवले होते. त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन बसला होता. देवनागरीचे अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. त्याला वर आणि खाली दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा लागते. शिवाय आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरे नाहीत. तिकडे माणसाचे नाव आले की पहिले अक्षर आपोआप मान वर काढते. आपल्या लिपीत नाव आणि क्रियापद एकाच उंचीचे. म्हणजे नावाला मान द्यायचा तर तो पान मांडणाऱ्यानेच द्यायला हवा, ठळकपणा देऊन, आकार देऊन किंवा भोवती जागा सोडून.

मांडणी बोलते, हे मराठी मुद्रणाला नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेव्हा पानावर दोन रकाने होते, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. राज्यकर्त्यांची भाषा आणि रयतेची भाषा शेजारी-शेजारी, एकाच पानावर. पुढे जावजी दादाजींनी 'निर्णयसागर'चे खिळे असे घडवले की पोथ्या वाचणाऱ्या डोळ्यांना छापील अक्षर आपले वाटू लागले. त्यांची शुद्ध, देखणी पुस्तके देशभर नावाजली गेली.

भाचीने मात्र मला अचूक पकडले. "मग कमल शेडगे? त्यांची नाटकांची अक्षरं तर नाचायची, रडायची." खरे आहे. २०२० साली ते गेले, तोवर मराठी नाटकाची जाहिरात म्हणजे त्यांची अक्षरे असे समीकरणच होते. रविवारी पेपर उघडला की नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणावरून कळे. पण ते एखाद-दोन शब्दांचे नाव असे आणि त्याचे वळण नाटकाच्या आशयातून निघे. नाव नाचू शकते. हजार शब्दांचा मजकूर नाचू लागला, तर वाचणारा उठून जातो.

बँकेत असताना मी हे अनेकदा पाहिले. कर्जाच्या करारात माणसाला बांधणारी कलमे सर्वांत बारीक टायपात असत. शेतकरी कागद हातभर लांब धरून पाहायचा आणि म्हणायचा, "साहेब, सही कुठं करू तेवढं दावा." कोणी वाचावे आणि कोणी नुसती सही करावी, हे तिथे अक्षराच्या आकाराने ठरवलेले असे. मीही शेकडो वेळा बोट ठेवून सहीची जागा दाखवली आहे. ते बोट अजून टोचते.

भाची लॅपटॉप मिटून लेख वाचत बसली. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव सोलापूर रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. वाचून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मी रोज चार हुतात्मा चौकातून जाते मामा. मला दोनच नावं येत होती."

पुढच्या रविवारी ती नवे पान घेऊन आली. डावे पान जवळजवळ कोरे. त्यावर चार ओळींत चार नावे आणि खाली तारीख. एवढेच. पण त्यासाठी ती आठवडाभर झगडली होती. चारही नावे सारख्या रुंदीत बसवली, तर लहान नावाची अक्षरे मोठी होत आणि मोठ्या नावाची लहान. "फाशी सारखीच झाली ना मामा? मग एकाचं अक्षर मोठं कसं करायचं?" म्हणून तिने आकार एकच ठेवला आणि उजवीकडची कड वेडीवाकडी राहू दिली. क्रम कोणता, हाही प्रश्न होता. तो तिने अकारविल्ह्यांनी सोडवला: कुर्बान, जगन्नाथ, मल्लप्पा, श्रीकिसन.

उजव्या पानावर लेख दोन रकान्यांत होता. अक्षर जरा मोठे, ओळींत भरपूर हवा. फक्त लेखाचे शेवटचे वाक्य पुढच्या पानावर सांडत होते. "हे काढू का?" तिने भीतभीत विचारले. मी पुन्हा वाचले. त्या वाक्यात मी नुसताच गळा काढला होता. काढून टाकले. तिच्या पहिल्या पानावरचे लाल थेंब आणि माझे ते वाक्य एकाच जातीचे होते.

म्हणून मला वाटते, हे काम कलेच्या विद्यार्थ्यांपुरते ठेवू नये. शाळांतून भित्तिपत्रके लागतात, पण बहुधा सुंदर अक्षराची दोन मुले ती लिहितात आणि बाकीची नुसती बघतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाला एकच उतारा आणि एक कोरा कागद द्यावा. मथळा कशाला, मोठे काय, कोरे किती, ते त्याने ठरवावे आणि का ते सांगावे. जे मोठे करायचे ते आधी निवडावे लागते, आणि निवडायचे तर वाचावेच लागते. संगणक हवाच असे नाही, असला तर उत्तमच. विंडोजमधला 'मंगल' टंक ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी मुंबईच्या आयआयटीत शिकवत आणि कविताही लिहीत. अक्षर आणि आशय ही त्यांना दोन खाती वाटत नसावीत.

भाचीने छापून आणलेले पान जेवणाच्या टेबलावर पडले होते. तिची आई, म्हणजे माझी ताई, हल्ली वर्तमानपत्राचे मथळे तेवढे पाहते. बारीक अक्षर सोसत नाही. कणकेचे हात दूर धरून तिने चारही नावे एकेक करून मोठ्याने वाचली.

"आपल्या चौकातले हेच ना रे?" तिने विचारले आणि खुर्ची ओढून उजवे पान वाचायला बसली.