भूप, ९१ टक्के

नोटा मोजण्यात माझी वीस वर्षं गेली. तेव्हा मोजण्याबद्दल मला कोणी शिकवू नये. पण परवा पुतण्याने शिकवलं.

वडिलांच्या एका जुन्या कॅसेटवरची चिठ्ठी गळून गेली होती. राग सांगायला वडील नाहीत, आणि माझं गाण्याचं ज्ञान बी.कॉम.पुरतंच. "काका, प्रोग्रॅमला विचारू की!" म्हणाला. प्रोग्रॅमने निकाल दिला : भूप, ९१ टक्के.

एवढे टक्के मला उभ्या जन्मात पडले नाहीत!

रीत अशी. आधी तंबोऱ्यावरून षड्ज ओळखायचा. (इथे चुकलात तर संपलंच. भूपाच्या गंधाराला सा समजा, मालकंस तयार!) मग सप्तकाचे बाराशे सेंट पाडायचे आणि गवई कोणत्या सुरावर किती वेळ होता त्याची बेरीज मांडायची. थोडक्यात, गल्ला मोजायचा. मींडेत दोन सुरांच्या मधे जे घडतं ते किरकोळ खाती.

आता भूप काय नि देशकार काय, दोघांच्या गल्ल्यात सा रे ग प ध हेच पाच सूर. तरी भातखंड्यांनी एकाला कल्याण थाटात बसवलं, दुसऱ्याला बिलावलात. भूपाचा जीव गंधारावर, देशकाराचा धैवतावर. आमच्या अर्धवट कॅसेटमध्ये दोन्ही सारखेच भरले, आणि यंत्राने बिनदिक्कत भूपावर शिक्का मारला. अहो, ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर नव्हे, हे कॉमर्सचं पोरही सांगेल! रक्कम भलत्याच खात्यात गेली तरी बेरीज जुळतेच.

बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात २०११ साली काँपम्युझिक नावाचा प्रकल्प सुरू झाला होता. तिथली मंडळी नुसत्या बेरजेवर न थांबता पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरवाक्यांचाही माग काढत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते बेरीज जुळली की पेन खाली ठेवणाऱ्यांशी.

कॅसेट चालूच होती. आई आतून म्हणाली, "ह्यांचा देशकार लागलाय का रे? सात वाजले वाटतं."

संध्याकाळचे सात वाजले होते.

"आजी, कशावरून गं?"

"कशावरून काय? रोज सकाळी ह्याच्यावर चहा केलाय मी."

पुतण्याने निमूटपणे शेवटच्या रकान्यात 'देशकार' टाईप केलं. यंत्र शिकतं ते म्हणे याच रकान्यावरून. मी विचारलं, "इथे आजीची सही?" तर सही लागत नाही म्हणाला.

आमच्याकडे दहा रुपयांच्या व्हाउचरलाही दोन लागतात.