बिल एकदा, घरखर्च अठरा महिने

चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली आणि माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर साखरेचं गाव झालं. आज इथं पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे उसाचा पैसा या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. तरीही हंगामात बिल जमा झालेल्या कितीतरी घरांत जूनमध्ये शाळेच्या फीसाठी दागिने गहाण पडतात. भाव, पाणी आणि वजन यांचे प्रश्न खरेच आहेत, त्यासाठी भांडायलाच हवं. पण हाती आलेला पैसा किती दिवसांचा आहे, हा हिशेब आपला आपणच करायचा असतो.

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. समजा, तोडणी-वाहतूक वजा जाऊन चार लाखांचं बिल आलं. सोसायटीचं पीककर्ज दीड लाख. राहिले अडीच लाख. त्यांना अठरानं भागा. महिन्याला चौदा हजारही पडत नाहीत. खात्यावर एकरकमी आकडा दिसतो तेव्हा बुलेटचा हप्ता परवडेलसा वाटतो. महिन्याचा आकडा कळला की घरातलं प्रत्येक जण नीट विचार करतं.

म्हणून पहिला पैसा सोसायटीला. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. घरात पैसा असताना कर्ज थकवणं हा सरळसरळ तोटा आहे.

उरलेला पैसा कुठं ठेवता, तेही बघा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला त्या बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते फक्त एक लाख होतं. हा विमा सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना नाही. ओळखीचा संचालक आणि एक-दीड टक्का जादा व्याज पाहून मुलीच्या लग्नाचा सगळा पैसा पतसंस्थेत ठेवणाऱ्यानं हा फरक आधी समजून घ्यावा.

आता कर. ‘शेतकऱ्याला टॅक्स नसतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. उसाचं उत्पन्न करमुक्त आहे. दुधाचा धंदा, भाड्यानं दिलेला ट्रॅक्टर, गाळ्याचं भाडं आणि ठेवीचं व्याज करमुक्त नाही. हे उत्पन्न मूळ सूटमर्यादेच्या वर गेलं, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशेबात येतं. घरातला कोणी कारखान्यात नोकरीला असेल आणि जमीनही त्याच्या नावावर असेल, तर हे त्याला माहीत हवंच. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, पण विवरणपत्र भरणं त्यामुळे टळत नाही. बँक ठेवीच्या व्याजातून कर कापते. उत्पन्न करपात्र नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वघोषणापत्र द्यावं. पॅन दिला नसेल तर कपात थेट वीस टक्के होते. आणि भरलेलं विवरणपत्र पुढं मुलांच्या शैक्षणिक कर्जाला, घरकर्जाला उपयोगी पडतं.

ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर द्यावा, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते हक्कानं मागा. पण कारखान्याकडून जशी शिस्त मागतो, तशी घरातही पाळा. बिल जमा होण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या बायका आणि कळती मुलं यांच्यासह वही घेऊन बसा. कर्ज, पुढच्या पिकाचा खर्च, महिन्याचा घरखर्च, दवाखान्यासाठी राखीव रक्कम आणि ठेव, हे पाच आकडे लिहा. खरेदीचा विषय त्यानंतरच काढा.