छोट्या गाडीला हेडर कशाला?

नागपुरातल्या धंतोलीच्या नकाशावर प्रत्येक रुग्णालयाभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढायला घेतले, तर कोरा कागद फारसा उरणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालयांच्या एवढ्या परिसराला शांतता क्षेत्र घोषित करण्याची सोय आहे आणि अशा क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. इथली वाहतूक आणि पार्किंग यांसाठी धंतोली नागरिक मंडळाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले, यावरून वस्तीवरचा ताण कळतो. याच गल्ल्यांतून हजार-बाराशे सीसीच्या गाड्या धावतात आणि त्यांतल्या काहींच्या मालकांना कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा भाग, काढून बाजारातला 'हेडर' बसवायची हौस असते. कोणता हेडर घ्यावा, यावर त्यांच्यात भरपूर चर्चा चालते. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. आजच्या छोट्या गाडीत मॅनिफोल्ड ही ताकद वाढवायची वस्तू राहिलेली नाही. तो प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेचा भाग झाला आहे, आणि बदलायचाच झाला तर त्याच दृष्टीने बदलला पाहिजे.

हेडरमागचे तत्त्व खोटे नाही, हे आधी मान्य करू. इंजिनातला धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने सुटतो. प्रत्येक धक्क्यामागे नळीत क्षणभर दाब कमी होतो. तो कमी दाब नेमक्या वेळी पुढच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हशी पोचवता आला, तर आत उरलेला जळका वायू ओढून निघतो आणि ताज्या मिश्रणाला जागा होते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक धक्का येतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याहून जास्त काळ उघडा असतो. त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो. म्हणून पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या लावून मग त्यांची एक नळी करतात. 'चार-दोन-एक' म्हणतात ते हेच. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत मात्र तीनच सिलिंडर आहेत. तिथे दोन धक्क्यांत २४० अंशांचे अंतर असते, म्हणजे एकमेकांच्या वाटेत येणे मुळातच थोडे. जे दुखणे फारसे नाहीच, त्यावरचे हे महागडे औषध. शिवाय नळीची लांबी आणि व्यास इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच साधतात. विकला जाणारा हेडर बहुधा पाच-सहा हजार फेऱ्यांसाठी जुळवलेला असतो, आणि पंचशील चौक ते लोकमत चौक या रांगेत इंजिन दीड-दोन हजारांच्या पुढे क्वचितच जाते. अल्टो के-१० चे ९९८ सीसीचे इंजिन साधारण ६७ अश्वशक्तीचे. उदार होऊन पाच टक्के वाढ धरली तरी ती तीन अश्वशक्तींच्या किंचित वर जाते, आणि तीही अशा वेगाला जिथे शहरात पोचताच येत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टीएसआय इंजिनात तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. तिथे काढून बदलण्याजोगा सुटा मॅनिफोल्डच नाही.

मिळकत अशी तुटपुंजी. आता काय गमावतो ते पाहू. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत 'कॅट', थंड असताना जवळजवळ काही करत नाही. अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसला पोचल्यावरच त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम कामाला लागतात. म्हणून गाडी सुरू केल्यानंतरचा पहिला मिनिटभर सर्वांत घाणेरडा. उत्पादकांनी यावर उपाय काढला तो कॅट इंजिनाला चिकटवण्याचा. कित्येक गाड्यांत मॅनिफोल्ड आणि कॅट हा एकच जोडलेला भाग असतो. आपल्याकडे चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट लागू झाला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. या पंचवीस वर्षांत कॅट बहुतेक गाड्यांत सरकत सरकत इंजिनापर्यंत आला. आता अशा गाडीला लांब नळ्यांचा हेडर लावा. एकतर कॅट पार निघून जातो, नाहीतर तो दूर मागे जातो आणि तापायला जास्त वेळ घेतो. सीताबर्डीहून धंतोलीत औषध आणायला जाणे, मुलाला शिकवणीला सोडणे, अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापेपर्यंत गाडी बंद करायची वेळ येते. हायवेवर जी चूक थोडी सौम्य ठरली असती, ती अशा वस्तीत पुरेपूर भोवते. आणि हे पीयूसीत नीट दिसतही नाही, कारण ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते. मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर घालून चेक इंजिनचा दिवा विझवण्याची युक्तीही बाजारात आहेच. निघालेला जुना कॅट कुठे जातो, हेही कधी विचारून पाहावे. त्यातल्या धातूंना भंगारात चांगली किंमत येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: रुग्णालयांसमोर हॉर्न वाजतात, जनरेटर धडधडतात, त्यात माझ्या एका गाडीने काय होणार? आवाजापुरते बोलायचे तर नुसत्या मॅनिफोल्डने तो फार वाढत नाही; पातळ नळीचा थोडा पत्र्यासारखा खरखराट येतो इतकेच. पण हेडर घेणारा तिथे थांबत नाही, त्यामागोमाग मोकळा सायलेन्सर येतोच. आणि डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. दहा डेसिबल जास्त आवाजाची गाडी दहा साध्या गाड्यांइतकी ध्वनिऊर्जा बाहेर फेकते. त्यामुळे 'एकच गाडी' हा युक्तिवाद रस्त्यावर दहा गाड्यांचा होतो. हॉर्नवाल्यांना मोकळे सोडतात ही तक्रार मात्र खरी आहे, आणि बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडून फोटो काढणाऱ्या पोलिसांनी ती ऐकावी. तरीही एकाचा गुन्हा दुसऱ्याचा परवाना होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनीचा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षे तापून-निवून तडकतो, कॅटसकटचा नवा भाग महाग पडतो, मग दहा वर्षे जुन्या गाडीच्या मालकाने काय करावे? बाजारातला भाग घ्यावा, खुशाल घ्यावा. तडकलेला मॅनिफोल्ड तसाच चालवणे हा बचतीचा मार्ग नव्हेच. तड्यातून बाहेरची हवा आत येते, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटते, संगणक पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडते. पण घेताना नळ्यांच्या चकाकीपेक्षा फ्लँज जाड आणि सपाट आहे का, सेन्सरची जागा मूळच्याच ठिकाणी आहे का आणि कॅट तितक्याच जवळ बसतो का, हे पाहावे. वाकडी फ्लँज नव्या गॅस्केटलाही दाद देत नाही आणि तडकलेल्या भागाचेच दुखणे परत येते. कॅट नसलेल्या जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. तिथे गमावण्यासारखे थोडे आहे, आणि इंजिन तीन सिलिंडरचे असल्याने कमावण्यासारखेही थोडेच.

कायदा या बाबतीत कडक आहे, पण आंधळा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले, आणि प्रदूषण व आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास दंड दहा हजारांपर्यंत जातो. पण चांगला भाग आणि वाईट भाग यांत फरक करण्याचे साधन रस्त्यावरच्या हवालदाराकडे नाही आणि ग्राहकाकडेही नाही. कॅलिफोर्नियात बदली भागावर सरकारी मान्यतेचा क्रमांक असतो. युरोपात बदली सायलेन्सर आणि बदली कॅट यांच्यासाठी वेगवेगळी मानके आहेत. गाड्यांशी खेळण्याची, स्वतःच्या हाताने काही घडवण्याची तरुणांची हौस मारून टाकू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी सरकारकडे हाच क्रमांक मागावा. तो येईपर्यंत आरटीओला हाताशी असलेले काम आहे. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नूतनीकरणाला येते तेव्हा नागपूरच्या एमएच-३१ आणि एमएच-४९ या कार्यालयांच्या निरीक्षकांनी बॉनेट उघडून मॅनिफोल्डकडे आणि त्याखालच्या कॅटकडे पाहावे. अनेक गाड्यांत तो समोरच दिसतो.