गळीत हंगामात पायी शाळेला जाणाऱ्या मुलांसाठी जाहीर आवाहन

तिसरी ते पाचवीची मुले शाळेला एकटी जाऊ लागतात. त्यांना नियम तोंडपाठ असतात, पण येणाऱ्या वाहनाचा वेग जोखणे या वयात अजून नीट जमत नाही; वाहन लांब दिसले की ती रस्त्यात उतरतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे येते. चालकाने ब्रेक दाबेपर्यंतच तेवढे अंतर संपते. म्हणून हे शिक्षण केवळ फळ्यावर न देता मुलाच्या रोजच्या वाटेवर द्यावे, असे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या ऊसपट्ट्यातील पालक, शिक्षक आणि ग्रामस्थांना कळकळीचे आवाहन आहे.

पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने चालायला शिकवावे, म्हणजे त्या कडेची वाहने समोरून येताना दिसतात. एसटीतून उतरल्यावर गाडी निघून जाईपर्यंत थांबावे. उभ्या गाडीच्या पुढून धावणारे मूल तिला ओलांडून जाणाऱ्या वाहनाला दिसतच नाही.

हंगामातला सर्वांत मोठा धोका दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचा. वळताना ट्रॉल्यांची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता आतल्या बाजूला सरकतात. ट्रॅक्टर लांबून गेला तरी मागची ट्रॉली कडेला उभ्या मुलाच्या अंगावर येऊ शकते. शेवटची ट्रॉली पुढे जाईपर्यंत वळणापासून दूर थांबणे, हे मुलाला प्रत्यक्ष वळणावर नेऊनच दाखवावे लागते. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणे तर जीवघेणेच. तोल गेला की मूल थेट चाकाखाली. मोठ्यांनीही लहानपणी हेच केलेले असते, म्हणून कोणी हटकत नाही. यापुढे पाहील त्याने हटकावे. मुलांना ऊस खायचा असेल तर घरच्यांनी फडातून आणून द्यावा.

सराव करताना सुरुवातीला मोठ्यांनी सोबत चालावे. कुठे थांबायचे आणि का, हे मुलाने बोलून दाखवावे. नंतर दहा पावले मागे राहावे. उशीर झालेला असतानाही मूल आपणहून थांबते, याची खात्री पटेपर्यंत त्याला एकटे सोडू नये.

ऊसतोड मजुरांच्या मुलांना ही वाट नवीन असते आणि त्यांचे आईबाप पहाटेच फडावर गेलेले असतात. शिक्षकांनी त्यांचा सराव स्वतः करून घ्यावा, आणि गावातल्या मुलांनी शाळेला जाता-येता त्यांना आपल्या सोबत घ्यावे. ट्रॅक्टरचालकांनी शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावातून सावकाश जावे आणि शेवटच्या ट्रॉलीलाही रिफ्लेक्टर लावावेत.